ड्रेसचा शर्ट करायचा तर तो घेरात शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मैत्रिणीने कुणीतरी वापरलेला एक सुती ड्रेस घेतला. छापील कापड तिला फार आवडलं, पण ड्रेस काही ती घालत नाही. तिला त्याच कापडाचा, पुढून बटणांचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाय. ड्रेस बिनबाह्यांचा आहे, कंबरेला जोड आहे, त्याखाली चुण्यांचा घेर आहे, पाठीला चेन आहे आणि छातीत तो तिला जरा घट्ट होतो. तुम्हाला साधे कुर्ते शिवता येतात. घेर वीतभर ठेवून बाकीचा कापला, पुढचा भाग मधोमध चिरून बटणपट्टी लावली आणि बाह्या जोडल्या, तर जमेल का?

असं नाही जमणार. पण शर्ट होईल, आणि तो ड्रेसमधून काढलाय हे कुणाला कळणारही नाही, इतका चांगला होऊ शकतो. त्यासाठी एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागेल. तुम्ही ड्रेसचा वरचा भाग शर्ट समजताय आणि घेर जास्तीचं कापड समजताय. मी बरोबर उलटं सांगेन. शर्ट त्या घेरात आहे. वरच्या भागातून फक्त लहानसहान तुकडे काढायचे.

कारण सांगते. बिनबाह्यांच्या ड्रेसचा मुंढा, म्हणजे हात घालायचा गोल काप, काखेत वर, अंगालगत कापलेला असतो आणि खांदाही आत घेतलेला असतो. त्याला बाही लावली की ती काखेत रुतते, आणि हात वर केला की सगळा कपडा वर ओढला जातो. मुंढा खाली उतरवायला जावं तर छातीत आधीच घट्ट असलेलं कापड आणखी कमी होतं. गळ्याचंही तेच. शर्टाची कॉलर मानेच्या बुंध्याशी बसते, आणि ड्रेसचा गळा तिथून बराच दूर, रुंद कापलेला असतो. गेलेलं कापड परत येत नाही. शिवाय कंबरेचा जोड तसाच राहिला, तर कितीही सुबक बटणपट्टी लावा, बघणाऱ्याला तो अर्धवट कापलेला ड्रेसच दिसतो.

आता घेराकडे बघा. चुण्यांचा घेर म्हणजे सरळ, चौकोनी कापड. फक्त वरच्या कडेला गोळा केलेलं. चुण्या उसवल्या की ते जवळजवळ नव्या कापडासारखं सपाट पसरतं. माप घेऊन बघा, मग माझं म्हणणं पटेल.

समजा, घेर दोन पट्ट्यांचा आहे, पुढची एक आणि मागची एक. प्रत्येक पट्टी ४४ इंच रुंद आणि उसवल्यावर २७ इंच लांब. मैत्रिणीची छाती ३६ इंच धरू. शर्टाला ४ इंच लूज दिला तर शर्टाची छाती ४० झाली. पाठीला २० आणि दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडायचं कापड), म्हणजे २१. पुढचा प्रत्येक भाग १० इंच, त्यात बटणपट्टीचा मध्यरेषेपलीकडे जाणारा अर्धा इंच, आत दुमडायला दीड इंच आणि बाजूची माया अर्धा इंच, म्हणजे साडेबारा. दोन पुढचे भाग मिळून २५.

आता एका पट्टीवर दोन्ही पुढचे भाग ठेवले तर ४४ मधले १९ इंच उरतात. दुसरीवर पाठ ठेवली तर २३ उरतात. दंडाचं माप १२ असेल तर ३ इंच लूज आणि मायेचा १ इंच धरून बाही १६ इंच रुंद लागते. बाहीची कफसकट लांबी २३ असेल, तर कफचे अडीच इंच वजा करून आणि माया मिळवून साडेएकवीस इंच कापड लागतं. म्हणजे एक बाही पहिल्या पट्टीत बसली, दुसरी दुसऱ्या पट्टीत. दोन्ही बाह्यांच्या वर साडेपाच-साडेपाच इंचांचा तुकडा राहतो, त्यातून कॉलरचे दोन थर निघतात. पाठीच्या पट्टीत बाहीशेजारी ७ इंच रुंद आणि २७ इंच लांब अशी एक पट्टी राहते. तिच्यातून योक, म्हणजे खांद्यावरची आडवी पट्टी, आणि कफचे वरचे थर काढा. योकच्या आतला थर, कफचे आतले थर वगैरे वरच्या भागातून निघतील. कॉलरच्या उभ्या पट्टीचा आतला थर दुसऱ्या मऊ सुती कापडाचा घेतला तरी चालतो; वरचं बटण उघडं ठेवल्यावर तिथे वेगळा रंग दिसतो आणि तो छान दिसतो.

योक मी आवर्जून सांगतेय. दिसायला चांगला हे एक कारण. खरं कारण म्हणजे तो लांबी वाचवतो. शर्ट २६ इंच लांब करायचा तर खांद्याची अर्धा इंच माया आणि खालची १ इंच दुमड धरून साडेसत्तावीस लागतात, आणि तुमच्याकडे २७ आहेत. योक घेतला की पाठीचे ४ इंच आणि पुढचा साधारण १ इंच त्यात जातो. पाठीला साडेतेवीस पुरतात, पुढच्या भागाला साडेसव्वीस. जुन्या कपड्यात असा अर्धा-अर्धा इंच फार मोलाचा असतो. योकचं कापड आडवं लावलं तरी हरकत नाही. शर्टांच्या योकमध्ये उभा धागा खांद्यावरून आडवा जावा अशीच पद्धत रूढ आहे, त्याने खांदा ताणला जात नाही. फक्त छाप एकाच दिशेचा असेल, म्हणजे फुलांचे देठ सगळे खाली वगैरे, तर योकवर तो आडवा होईल. मैत्रिणीला ते आधी दाखवा.

हा सगळा हिशेब मी समजा म्हणून मांडला. तुमची मापं टाकून कागदावर असाच करा. आणि तो करण्याआधी एक गोष्ट तपासा: मागच्या घेराला मधोमध जोड आहे का? पाठीची चेन बऱ्याचदा कंबरेखाली तीन-चार इंच उतरते, आणि त्यासाठी मागचा घेर दोन तुकड्यांचा केलेला असतो. तसं असेल तर गणित बदलतं. मग पुढच्या अखंड पट्टीतून दोन पुढचे भाग काढा. पाठ मागच्या दोन तुकड्यांतून, मधोमध जोड देऊन. पुढच्या पट्टीत उरलेल्या १९ इंचांत पूर्ण बाही एकच निघते. दुसरी बाही दोन तुकड्यांची होते. तो जोड कोपराच्या मागून, कफच्या फटीच्या रेषेत आणला तर तो मुद्दाम दिल्यासारखा दिसतो, पण मग पहिल्या बाहीलाही तसाच जोड द्या. एवढं नको असेल तर अर्ध्या बाह्या करा. १६ इंच रुंद, १० इंच लांब अशा दोन बाह्या त्याच १९ इंचांत एकाखाली एक आरामात बसतात. मी असते तर मैत्रिणीला दोन्ही पर्याय सांगून तिला निवडू दिलं असतं. बाही हा तिचा प्रश्न आहे.

हिशेब बसला तरी कात्री अजून लांब ठेवा. आधी कापड कसं आहे ते बघायचं. ड्रेस धुवा, वाळवा आणि खिडकीसमोर उजेडात धरा. विरळ झालेली जागा लगेच दिसते. बसून बसून मागच्या घेराचं वरचं कापड झिजतं, काखेतलं घामाने कमजोर होतं, आणि खालची कड चपलांना, जिन्याला घासून विरते. अशा प्रत्येक जागेभोवती खडूने गोल करा. मग दोन्ही अंगठे शेजारी ठेवून कापड हलकेच ताणून बघा. धागे सरकले किंवा बारीक आवाज आला तर त्या भागात पाठ किंवा मुंढा येऊ देऊ नका, कारण शर्टावर सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. खिशाला, कॉलरच्या आतल्या थराला, जिथे फ्यूजिंगचा, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराचा, आधार मिळतो तिथे असं कापड चालून जातं.

जुन्या कपड्याचा एक फायदाही आहे. सुती कापड जेवढं आटायचं तेवढं बहुतेक आटून झालेलं असतं, म्हणून त्याचा शर्ट पुढे दगा देत नाही. पण तुम्ही नवं काही लावणार असाल, फ्यूजिंग, आतल्या थराचं कापड, तर ते आधी भिजवून वाळवून घ्या. फ्यूजिंग कोमट पाण्यात नुसतं बुडवून, न पिळता. नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटतं, जुनं तसंच राहतं, आणि कॉलर सुरकुतते.

कापड खरंच सुती आहे याची खात्री आहे ना? आतली चिठ्ठी कापून टाकलेली असेल तर मायेतून दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि धातूच्या ताटलीवर जाळून बघा, जवळ पाणी ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. रेयॉनही सुतीसारखंच जळतं, पण ते हाताला जास्त लोळतं, आणि ओलं असताना त्याची ताकद बरीच कमी होते. रेयॉन निघालं तर ओलं पिळू नका, आडवं वाळवा, आणि कापताना ते सरकणार हे धरून चाला.

आता उसवणं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. शिवण दोन्हीकडून ओढून टर्रकन फाडू नका. नवं कापड ते सोसतं, जुनं नाही. एका बाजूने दर चार-पाच टाक्यांवर एक टाका उसवणीने कापा, कापड उलटवा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. तो अख्खा सुटून येतो. इंटरलॉक असेल तर कडेचे वेढे कापत जा. चुण्यांच्या दोऱ्यांना घाई करू नका, तिथे एकावर एक दोन-तीन शिवणी असतात. प्रत्येक तुकडा सुटला की त्यावर कागदाची चिठ्ठी टाचा: वर कुठे, उलट-सुलट कुठली, पुढचा की मागचा. हे आत्ता लक्षात राहील असं वाटतं. दुसऱ्या दिवशी राहत नाही. चेन नीट काढून ठेवा, कुठेतरी उपयोगी पडेल.

उसवल्यावर बहुतेकांना एक गोष्ट पहिल्यांदा दिसते आणि धक्का बसतो. मायेतला रंग गडद, ताजा, आणि बाहेरचा फिका. उन्हाने आणि धुण्याने बाहेरचा रंग उतरलेला असतो. म्हणून मी म्हणते, जुना कपडा शिवण सोडून मोठा करायचा बेत शेवटचा ठेवा, कारण जिथे सोडाल तिथे गडद पट्टा दिसतो. आपण घेरातून नव्याने कापतोय, तर तुकडे असे बसवा की जुनी माया नव्या मायेत किंवा दुमडीत जाईल. चुण्यांच्या घड्यांमध्येही रंगाच्या उभ्या रेघा कधीकधी राहतात. त्या वरच्या तीन-चार इंचांतच असतात. पाठीला लांबी शिल्लक आहे, तिथे तो भाग टाळता येतो.

टाक्यांची भोकं मात्र फार मनाला लावून घेऊ नका. सुती कापड ओलं करून वाफेच्या इस्त्रीने दाबलं की बहुतेक भोकं मिटतात. नखाने भोकाच्या दोन्ही दिशांना हलकेच खरवडलं तर धागे जागेवर येतात. घट्ट विणीच्या साटीनमध्ये किंवा पॉलिस्टरच्या टॅफेटात ती कायमची राहतात, पण तुमचं कापड तसं नाही.

इस्त्री करताना कापडावरून फरफटवू नका. दाबा, उचला, पुढे ठेवा. आणि उभा धागा कुठला ते ओळखा. घेर शिवताना काही वेळा कापड आडवं वापरलेलं असतं, विशेषतः खाली किनार असेल तेव्हा, त्यामुळे वरून खाली म्हणजे उभा धागा असं गृहीत धरू नका. दोन्ही दिशांना ताणून बघा. जी दिशा कमी ताणली जाते तो उभा धागा. मायेत कुठे कापडाची मूळ, विणतानाच तयार झालेली कड सापडली तर शंकाच नको, उभा धागा तिच्या समांतर असतो. शर्टाचे मुख्य भाग उभ्या धाग्यावर कापा. किनारीचं कापड आडवंच वापरावं लागलं तर सगळे मोठे भाग त्याच दिशेने घ्या. एक पुढचा भाग उभा आणि एक आडवा असा शर्ट दोन धुण्यांनंतर पुढून वाकडा लोंबतो.

माप कुठून घ्यायचं? टेपने अंगावर घ्याच, पण त्याहून जास्त विश्वास मी एका गोष्टीवर ठेवते: मैत्रिणीला तिचा सगळ्यात आवडता, सगळ्यात जास्त घातला जाणारा शर्ट मागा. कुठला शर्ट तिला सुखाचा वाटतो हे तिच्या अंगाला ठाऊक असतं, तिला नेमकं सांगता येत नाही. तो शर्ट न उसवता कागदावर सपाट पसरा, एकेक भाग टाचण्यांनी शिवणीवर टोचत कागदावर खुणा उमटवा, आणि त्या जोडून बेतणी, म्हणजे कापायचा कागदी नमुना, काढा. शेवटी माया वाढवायला विसरू नका. कोऱ्या कापडासाठी अर्धा इंच पुरते. जुन्यासाठी, कापड पुरत असेल तर, बाजूच्या शिवणीला पाऊण इंच ठेवा. विरळ कापड कडेला लवकर सुटतं.

मग त्याच बेतणीवर जुन्या चादरीचा एक कच्चा शर्ट कापा. कॉलर नको, कफ नको, फक्त अंग, योक आणि एक बाही. लांब टाक्यांची कच्ची टीप मारून तिला घालायला द्या. हा टप्पा गाळावासा वाटेल, मला दर वेळी तसं वाटतं. एकदा खरंच गाळला. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला तिच्या आईच्या कपड्याचा शर्ट करून देत होते. मापं बरोबर होती, पण तिचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आहे हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. शर्ट झाला, आणि एका बाजूने काखेपासून कंबरेपर्यंत तिरकी सुरकुती पडली. दुरुस्त करायला कापड उरलं नव्हतं. तिने तो प्रेमाने घातला, पण मला ती सुरकुती अजून दिसते. दुकानात पुन्हा मिळणारं कापड असेल तर चूक परवडते. वापरलेल्या ड्रेसचं कापड तेवढंच असतं.

कच्च्या शर्टात तिला नुसतं आरशासमोर उभं करू नका. हात वर करायला सांगा, छातीवर हाताची घडी घालायला सांगा, खुर्चीत बसायला सांगा. हात पुढे नेताना पाठ ताणली तर पाठीला योकखाली मधोमध एक लहान घडी द्यावी लागेल. तिला रुंदीत दीड-दोन इंच जास्त लागतात आणि ते पाठीशेजारच्या ७ इंचांतून द्यावे लागतील. मग त्या पट्टीतून निघणारा योक किंवा कफ कुठून काढायचा ते पुन्हा ठरवा. बसल्यावर सीटवर शर्ट अडकला तर बाजूच्या शिवणी खाली तीन इंच उघड्या सोडा. बाही कशी लोंबते ते बाजूने उभं राहून बघा. आणि तिला विचारा, लांबी इथे बरी वाटते का? आपण ठरवलेली लांबी आणि घालणारीला हवी ती लांबी यांत हमखास दोन बोटांचा फरक निघतो.

खरं कापड कापताना क्रम असा ठेवा की चुकलं तर वाट उरेल. आधी पाठ, मग पुढचे भाग, मग बाह्या. योक, कॉलर, कफ आणि खिसा सगळ्यात शेवटी. घेराची खालची दुमड सरळ आणि धड असेल तर अंगाच्या तीन भागांना ती उसवू नका, शर्टाची खालची कड म्हणून तशीच ठेवा. आधीच्या शिंप्याने घातलेली ती टीप सरळ असते आणि काम वाचतं. वळणदार कड हवी असेल तर अर्थात कापावी लागेल.

गळा कापल्या कापल्या, काहीही जोडण्याआधी, कडेपासून पाव इंचाच्या आत एक टीप मारा. गळ्याच्या वळणावर कापड तिरकं असतं आणि नुसतं हाताळूनही ताणलं जातं. ताणलेल्या गळ्याला कॉलर कधीच बसत नाही, आणि मग वाटतं कॉलर चुकली.

मशीनला कापडाच्या मानाने सुई घाला. पातळ सुतीला ११ नंबर, मध्यमला १४. सुई नवी असू द्या. बोथट सुई जुन्या कापडाचे धागे तोडते आणि टीपेशेजारी बारीक भोकांची रांग पडते. टाका फार बारीक नको, अडीच मिलिमीटर बरा. बारीक टाक्याने शिवण मजबूत होते असा समज आहे, पण जुन्या कापडाला तो वहीच्या फाडायच्या पानासारखा छिद्रांचा पट्टा पाडून देतो.

शिवणी आतून झाकलेल्या करा. मी अशा शर्टांना दुहेरी शिवण घालते. आधी उलट बाजू एकमेकींवर ठेवून पाव इंचावर टीप, माया कापून बारीक, मग कापड उलटवून त्याच कडेवरून दुसरी टीप, म्हणजे सुटणारे धागे आत बंद होतात. पाऊण इंचाची माया यासाठी हवीच होती. बाही मुंढ्याला लावताना बाहीची वरची गोलाई मुंढ्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच जास्त असावी, त्याहून जास्त नको. शर्टाची बाही खांद्यावर फुगत नाही. बाही आधी मुंढ्याला सपाट जोडा, मग बाहीची आणि बाजूची शिवण एका दमात मारा. कुर्त्याला बहुधा तुम्ही हेच करत असाल.

कॉलरला माझा बराच वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. बक्रम, म्हणजे जाड कडक अस्तर, घालू नका, जुन्या मऊ कापडावर ते पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. पातळ, इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग वरच्या थराला आणि उभ्या पट्टीला लावा. खालचा थर कडेने सुताभर लहान कापा, म्हणजे शिवण आपोआप खाली वळते आणि बाहेरून दिसत नाही. टोकाशी आल्यावर काटकोनात वळू नका. एक टाका तिरका घ्या आणि मग वळा. टोक त्यामुळे जास्त नेटकं निघतं. माया थराथराने कमी-जास्त कापा. उलटवताना कात्रीचं टोक आत खुपसू नका, जुनं कापड तिथेच फुटतं. बोथट लाकडी काडी घ्या.

बटणांची जागा वरून मोजत खाली जाऊ नका. मैत्रिणीला शर्ट घालायला लावा, छातीच्या सगळ्यात भरीव रेषेवर पहिली खूण करा, आणि तिथून वर-खाली साडेतीन-साडेतीन इंचांवर बाकीच्या. या एका गोष्टीने दोन बटणांमध्ये शर्ट फाकणं जवळजवळ बंद होतं. काजाची लांबी म्हणजे बटणाची रुंदी अधिक त्याची जाडी. कॉलरच्या उभ्या पट्टीवरचं काज आडवं, बाकीची उभी. काजाखाली फ्यूजिंगची चिंचोळी पट्टी आणि आधी उरलेल्या तुकड्यावर एक चाचणी, दोन्ही करा. बायकांच्या शर्टाला काजं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला आणि पुरुषांच्या डाव्या बाजूला असा प्रघात आहे. मैत्रिणीला कुठली सवय आहे ते विचारून मगच काजं पाडा, नंतर बदलत नाहीत.

तुम्ही सुचवलेली मधोमध चिरण्याची रीत चुकीची नाही, ती दुसऱ्या ड्रेससाठी आहे. ड्रेस सरळ असेल, कंबरेला जोड नसेल, बाह्या असतील आणि खांदा व छाती तिला आरामात बसत असेल, तर ती उत्तम. पुढे कधी असा ड्रेस हाती आला तर एवढं लक्षात ठेवा: मधोमध कापून दोन्ही कडा आत दुमडल्या तर छातीत चार इंच जातात. दुमडीला प्रत्येकी दीड इंच, आणि एकावर एक यायला प्रत्येकी अर्धा. त्याऐवजी खालून कापलेल्या कापडाच्या ३ इंच रुंद दोन पट्ट्या घ्या, मध्यरेषेवर नेमकं कापा आणि पट्टी अर्ध्या इंचाच्या मायेने जोडून दुमडा. १ इंचाची बटणपट्टी बरोबर मध्यरेषेवर येते आणि छातीतलं काहीच जात नाही. फक्त कापण्याआधी मध्यरेषा धाग्याने आखून घ्या. पुढचा गळा दुमडून काढलेली मध्यरेषा जुन्या कपड्यात बऱ्याचदा चुकते, कारण खांदे कमी-जास्त ताणलेले असतात. खांद्याच्या शिवणी आणि काखा जुळवून मग दुमडा.

आणि घेर चुण्यांऐवजी गोल छत्रीसारखा असला तर पट्टी उसवून रात्रभर टांगून ठेवा, मगच बेतणी मांडा. त्यात मधला भाग सरळ धाग्यावर आणि बाजूचा उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, असतो. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. शर्टाची मध्यरेषा सरळ धाग्यावर येईल असे भाग ठेवा. बसले नाहीत तर त्या ड्रेसचा शर्ट करू नका, सरळ सांगा तिला.

शर्ट तयार झाला की एकदा तुमच्याकडेच धुवा, उलटा करून, सावलीत वाळवा, आणि शिवणी कुठे सुटल्या का ते बघून मग द्या. आतल्या बाजूला, खालच्या दुमडीजवळ, एक जास्तीचं बटण टाका आणि उरलेल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा वेगळा बांधून द्या. कोपर विरलं तर त्याच छापाचं ठिगळ दुसरीकडे कुठे मिळणार नाही.